टॅरंटुलाचे खाद्यकीटक

टॅरंटुलाचे खाद्यकीटक म्हणजे पाळीव टॅरंटुला कोळ्यांना भक्ष्य म्हणून दिले जाणारे, बहुधा जिवंत, कीटक होत. थेराफोसिडी कुलातील हे मोठे, केसाळ कोळी पूर्णतः मांसाहारी आहेत. रातकिडे, झुरळे आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या हे त्यांच्या खाद्याचे मुख्य प्रकार होत. कीटक कोणत्या जातीचा आहे यापेक्षा तो कोठून आणला, हा प्रश्न नाशिकसारख्या द्राक्षबागांच्या जिल्ह्यात अधिक महत्त्वाचा ठरतो.

आहाराची रीत

टॅरंटुला भक्ष्य चावून गिळत नाही. विषदंतांनी ते जखडल्यावर तो त्यावर पाचकरस सोडतो, विरघळलेला द्रव शोषतो आणि उरलेला चोथा गोळीच्या रूपात टाकून देतो. साहजिकच कीटकाच्या पोटात जे असेल ते, कीटकनाशकासह, कोळ्याच्या शरीरात जाते. म्हणून खाद्यकीटकांना आधी एक-दोन दिवस गव्हाचा कोंडा, गाजर, बटाटा असे स्वच्छ अन्न देण्याची पद्धत आहे. कोळ्याला हाडे नसतात व त्याचे कवच कायटिन आणि प्रथिनांचे असते. त्यामुळे पाळीव सरड्यांच्या खाद्यावर भुरभुरावयाची कॅल्शियमची भुकटी येथे अनावश्यक आहे.

प्रचलित कीटक

घरगुती रातकिडा (अचेटा डोमेस्टिकस) हा जगभर सर्वाधिक वापरला जाणारा खाद्यकीटक होय. त्याच्या ओल्या वजनात सुमारे २० टक्के प्रथिने व ६ ते ७ टक्के मेद असतो. मीलवर्म ही वस्तुतः एका काळ्या भुंगेऱ्याची अळी. तिच्यात मेद सुमारे १३ टक्के असतो. मधमाश्यांच्या पोळ्यांचा नाश करणाऱ्या मेणपतंगाच्या अळीत तो २५ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणून ती क्वचितच द्यावी. मीलवर्म कोंड्याच्या डब्यातही वाढतो, त्याला वास नाही आणि तो ओरडत नाही, त्यामुळे घरातील इतर मंडळींचा विरोध सर्वांत कमी होतो. मात्र तो मातीत शिरून लपतो. म्हणून देण्यापूर्वी त्याचे डोके चिरडतात. रातकिड्यांच्या व्यापाराला डेन्सोव्हायरस या विषाणूचा मोठा फटका बसला आहे. २००९-१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील अनेक संवर्धन केंद्रे त्यामुळे उद्ध्वस्त झाली आणि त्यानंतर पट्टेरी रातकिड्याचा वापर वाढला.

रानातून पकडलेले कीटक

शेताच्या बांधावरचे नाकतोडे फुकट मिळतात, आणि मोह तेथेच होतो. निफाड व दिंडोरी तालुक्यांत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षवेलींवर बुरशीनाशके व कीटकनाशके वारंवार फवारली जातात. अशा बागेच्या आसपासचा कीटक धडधाकट दिसला तरी त्याच्या अंगात औषधाचा अंश असू शकतो. कीटकनाशके संधिपाद प्राण्यांना मारण्यासाठीच बनविलेली असतात आणि कोळी हाही संधिपादच आहे. घरातील झुरळांनाही हेच लागू पडते. ते कोणत्या स्वयंपाकघरातील औषध खाऊन आले आहे, हे कळण्यास मार्ग नसतो.

दुसरा धोका नैसर्गिक विषाचा. रुईच्या झुडपावर दिसणारा निळा-पिवळा चित्रविचित्र नाकतोडा (पीसिलोसेरस पिक्टस) रुईच्या चिकातील हृदयावर परिणाम करणारी विषे अंगात साठवितो. त्याचे भडक रंग हा भक्षकांना दिलेला इशाराच होय. काजव्यांच्या अंगीही विषारी द्रव्ये असतात. भडक रंगाचा कीटक कधीही देऊ नये, हा नियम विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावा.

आकार, वेळ आणि ऋतू

भक्ष्य कोळ्याच्या उदरापेक्षा मोठे नसावे. पिल्लांना आठवड्यातून एक-दोनदा, तर प्रौढांना आठवड्याने वा पंधरवड्याने खाद्य पुरते. कात टाकण्यापूर्वी कोळी अन्न नाकारतो. अशा वेळी पेटीत राहिलेला रातकिडा मऊ अंगाच्या कोळ्याला कुरतडून ठारही करू शकतो; म्हणून न खाल्लेला कीटक चोवीस तासांत बाहेर काढावा. कात टाकल्यावर विषदंत पुन्हा काळे व टणक होईपर्यंत काही देऊ नये. निफाडच्या परिसरात हिवाळ्यात पारा अनेकदा १० अंश सेल्सियसखाली जातो. त्या दिवसांत कोळ्याची भूक मंदावते आणि कीटकांची वाढही रेंगाळते. प्रौढ टॅरंटुला कित्येक महिने उपाशी राहू शकतो. तेव्हा शंकास्पद खाद्यापेक्षा उपवास बरा.

कायदेशीर बाजू

डुबिया हे मध्य व दक्षिण अमेरिकेतील झुरळ परदेशी पाळकांत लोकप्रिय आहे. तथापि भारतात जिवंत कीटक परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत. ‘वनस्पती संगरोध (भारतातील आयातीचे नियमन) आदेश, २००३’ त्यांना लागू होतो. स्वतः कोळ्याबाबतही सावधगिरी हवी. सह्याद्रीतील झाडांच्या ढोलीत राहणारा पीसिलोथेरिया रीगॅलिस ज्या प्रजातीसमूहात मोडतो, तो संपूर्ण समूह २०१९ मध्ये साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स परिशिष्टांतील प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची जोडली असून असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास नोंदणी करावी लागते.