लंडनचे पब, जॅझ-ब्लूज आणि परवान्याचा कायदा

जॅझ व ब्लूज ह्या अमेरिकन संगीतप्रकारांचा इंग्लंडमधील इतिहास बहुधा गाजलेल्या वादकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. परंतु तेथे हे संगीत रुजले ते बव्हंशी वस्तीतल्या पबांच्या माडीवरील किंवा मागील दालनांत. त्या दालनांचे भवितव्य श्रोत्यांच्या अभिरुचीइतकेच जागेच्या अर्थकारणाने आणि परवान्याच्या कायद्याने ठरविले, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१९३५ ते १९५६ ह्या काळात ब्रिटिश वादक-संघाच्या आग्रहावरून मजूर खात्याने अमेरिकन वाद्यवृंदांचा मार्ग जवळजवळ बंद केला होता. साहजिकच हे संगीत प्रत्यक्ष वाजविण्याचे काम ध्वनिमुद्रिका ऐकून शिकलेल्या स्थानिक हौशी मंडळींकडे आले. महायुद्धाच्या काळात केंट परगण्यातील बार्नहर्स्ट येथील ‘रेड बार्न’ पबमध्ये जॉर्ज वेब ह्यांचा वाद्यवृंद वाजू लागला. वेब हे शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात काम करीत. पुढे नामांकित झालेले ट्रंपेटवादक हम्फ्री लिटल्टन १९४७ मध्ये ह्याच वृंदात सामील झाले. सोहो भागातील ‘राउंड हाउस’ पबच्या माडीवर सिरिल डेव्हिस व अलेक्सिस कॉर्नर ह्यांनी ब्लूजचे मंडळ चालविले. १९५८ च्या इंग्लंड-दौऱ्यात शिकागोचे मडी वॉटर्सही तेथे गाऊन गेले.

‘रेड बार्न’ची बैठक सोमवारी, तर ‘राउंड हाउस’ची गुरुवारी भरे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शनिवार-रविवारी पबला गिऱ्हाइकांची वाण नसे. आडवारी मात्र दालन ओस पडे. अशा वेळी ते संगीतास देण्यात चालकाचे नुकसान नव्हते, उलट मद्यविक्रीचा लाभच होता, असे म्हणावयास हरकत नाही. संगीतच गर्दी खेचते असे दिसून आल्यावर त्यास सुट्टीचा वारही मिळू लागला. १९५९ पासून बार्न्स येथील ‘बुल्स हेड’ पबने जॅझची नित्य प्रथा पाडली. १९६३ च्या प्रारंभी रिचमंडच्या ‘स्टेशन हॉटेल’मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ हे तेव्हाचे अप्रसिद्ध तरुण रविवारी ब्लूज वाजवू लागले; गर्दी इतकी वाढली की त्याच वर्षी तो क्लब जवळच्या क्रीडासंस्थेच्या इमारतीत हलवावा लागला.

आता कायद्याकडे वळू. १९६१ च्या परवाना कायद्याने इंग्लंड व वेल्समधील पबांना अशी सवलत दिली की, वादक वा गायक दोहोंपेक्षा अधिक नसतील तर सार्वजनिक करमणुकीचा वेगळा परवाना नको. १९६४ च्या कायद्यात ही तरतूद कायम राहिली. तिचा तर्क विचित्र होता. ध्वनिवर्धक लावून दोघांनी छप्पर दणाणून सोडले तरी चाले. ध्वनिवर्धकाशिवाय वाजविणारे तिघे मात्र परवान्यावाचून दोषी ठरत. कायदा माणसे मोजी, आवाज मोजीत नसे. पाचसहा वादकांच्या जॅझवृंदास ह्याची झळ सर्वांत अधिक बसली.

२००३ चा नवा कायदा नोव्हेंबर २००५ मध्ये पूर्णतः अंमलात आला आणि ही सवलतही संपुष्टात आली. पबमध्ये मोठ्या पडद्यावर फुटबॉलचा सामना दाखविण्यास परवाना लागत नसे. श्रोत्यांपुढे गिटार घेऊन बसणाऱ्या एकट्या गायकास मात्र तो लागे. ह्या विसंगतीविरुद्ध वादकांनी दीर्घकाळ चळवळ केली. अखेर २०१२ च्या कायद्याने, मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागांत सकाळी ८ ते रात्री ११ पर्यंत, २०० श्रोत्यांपर्यंतच्या ध्वनिवर्धित संगीतास मोकळीक मिळाली. २०१५ मध्ये ही मर्यादा ५०० झाली. वादकांच्या संख्येचा प्रश्न तेथे उरला नाही.

तात्पर्य, एखादे संगीत लोकप्रिय का झाले हे विचारताना ते कोणत्या खोलीत, कोणत्या वारी व कोणत्या परवान्याखाली वाजले, हेही विचारले पाहिजे. वादकाची प्रतिभा ध्वनिमुद्रिकेत टिकून राहते. परंतु तिला प्रथम उभे राहावयास जी खोली मिळाली, तिची नोंद इतिहासकारानेच ठेवावयाची असते.