दाराशी कोण येते?

आमच्या वाड्यात कुणाचे डोके फिरले, म्हणजे दोनच गोष्टी धावून येत : दोरखंड आणि पोलीस. शेजारच्या नानांना तसे नेताना मी लहानपणी पाहिले. त्यांच्या पायांत वहाणाही नव्हत्या.

पुढे इतिहास चाळताना कळले, की तिसरी वाटही होती. १९३०च्या दशकात ॲमस्टरडॅम नगरपालिकेचे डॉक्टर आरी क्वेरिडो रुग्णाला वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याआधी त्याच्या घरी जाऊन पाहू लागले. हेतू खर्च वाचवण्याचा. पण कितीकांची व्यवस्था घरीच लागते, असे दिसून आले.

अमेरिकेत ऑरेगनमधील युजीन गावी १९८९ साली ‘काहूट्स’ची गाडी निघाली. तीत एक प्रथमोपचार जाणणारा, एक धीर देणारा. हत्यार कोणाजवळच नाही. दारूने झिंगलेला असो की जिवावर उदार झालेला, ती दोघे त्याच्याशी बोलत. पस्तीस वर्षे ती धावली. पैशाची तोंडमिळवणी होईना, म्हणून एप्रिल २०२५मध्ये युजीनमधील ही सेवा थांबली.

आपल्याकडे २०२२पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. घरोघरी निदान आवाज तरी पोचतो.

दिवाळीत दारी पणती लावताना मला नाना आठवतात. त्या दिवशी त्यांच्याजवळ कोणी नुसते बसायला आले असते तर!