अमृता प्रीतम : प्रेम, संसार आणि स्वावलंबन

पंजाबी कवयित्री अमृता प्रीतम (१९१९–२००५) यांचे चरित्र बहुधा साहिर लुधियानवींवरील प्रेमापुरतेच सांगितले जाते. प्रस्तुत लेखकास ही मांडणी अपुरी वाटते. बालपणीच मातृवियोग, १९३६ मध्ये प्रीतम सिंग यांच्याशी विवाह आणि १९४७ च्या फाळणीत सुटलेले लाहोर, असा हा प्रवास होय. दिल्लीत आकाशवाणीच्या पंजाबी विभागात त्यांनी १९६१ पर्यंत नोकरी केली. साहिरविषयीच्या ओढीतून लिहिलेल्या ‘सुनेहडे’स १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, याची चर्चा विपुल होते, परंतु १९६० मध्ये दोन अपत्यांची ही माता पतीपासून विभक्त झाली तेव्हा हाती स्वतःची मिळकत होती, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. पुढे चित्रकार इमरोज यांच्यासमवेत त्या विवाहाविना अखेरपर्यंत राहिल्या. दोघांनी ‘नागमणी’ मासिक अनेक वर्षे चालविले.