सागाचे शंभर गुण

जुन्या वाड्याच्या तुळईसाठी लाकूड निवडताना सुतार प्रथम त्यावर ठोका मारून पाही. खणखणीत नाद उमटला तर लाकूड निकोप; बद्द आवाज आला तर आत कूज वा पोकळी. मग गाठी, चिरा, रेषांचा तिरपेपणा आणि गाभ्याभोवतीचा पांढुरका थर तपासला जाई. ही पारख पिढीजात होती. मात्र अमुक तुळई नेमका किती भार पेलील, याचे उत्तर तिच्यात नव्हते. म्हणून तुळई गरजेहून जाड घेतली जाई. कित्येक जुन्या माळ्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य या उधळेपणातही आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग तोडण्याची रीत सांगितली असून रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेल्या आंबा-फणसांना हात लावण्यास मनाई आहे. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागापासून बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका तर आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. सागाची थोरवी अशी प्रयोगशाळेआधीच सिद्ध झाली होती.

मोजमाप आले ते १९०६ साली स्थापन झालेल्या देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेमुळे. निर्दोष लाकडाचे लहान तुकडे यंत्रात वाकवून, दाबून, मोडेपर्यंत तपासले गेले. प्रत्येक गुणात सागाला १०० अंक देऊन इतर जाती त्याच्याशी ताडण्यात आल्या. या कार्यात व्ही. डी. लिमये यांचे भारतीय लाकडांच्या वर्गीकरणावरील लेखन महत्त्वाचे ठरले. निष्कर्ष सागाच्या अभिमान्यांना थोडा बोचणारा होता: बळात साल त्याच्या पुढे निघाला! आकार टिकविण्यात मात्र साल बराच मागे पडतो.

तथापि निर्दोष तुकडा म्हणजे तुळई नव्हे. भारतीय मानकाच्या १९९४ च्या आवृत्तीने लवचिकतेच्या मापांकावरून जातींचे तीन गट केले. दर चौरस मिलिमीटरला १२,६०० न्यूटनपेक्षा अधिक तो 'अ' गट. साग 'ब' गटात येतो. शिवाय दोषांनुसार निवडक, पहिली व दुसरी अशा श्रेणी आहेत. एकच गाठ तुळईच्या मध्याजवळ खालच्या कडेला असली तर घातक ठरते, कारण भाराने तेथील तंतू ताणले जातात. तीच गाठ मध्यरेषेवर असल्यास फारशी बाधत नाही. त्यामुळे पाडलेल्या वाड्याची तुळई नव्याने चिरली, की तिची श्रेणीही नव्याने ठरवावी लागते.