पोचट दाणा: अखेरचे 17 तास

भंडारा-गोंदियाकडचा उन्हाळी धान, एप्रिलचा मध्य. पऱ्हे उशिरा टाकले, रोवणी लांबली, की फुलोरा नेमका या उन्हात सापडतो.

संध्याकाळी 6. उरले 17 तास.
लोंबीवर एक मिटलेलं फूल. दोन टरफलांच्या आत अंडाशय, त्यात एकुलतं एक बीजांड. त्याची तयारी पूर्ण झालेली आहे. मातृपेशीच्या चार पेशी झाल्या, तीन विरल्या. उरलेल्या एकीचं केंद्रक तीनदा दुभागलं, आठ केंद्रकं झाली. आता बीजरंध्राशी अंडपेशी, तिला लागून दोन साहाय्यक पेशी आणि मध्यभागी दोन ध्रुवीय केंद्रकं वाट पाहत आहेत.

सकाळी 8. उरले 3 तास.
बांधीतलं पाणी आटलंय. लोंबीला त्याच्या गारव्याचा आधार उरलेला नाही.

सकाळी 10. उरला 1 तास.
फुलाच्या तळाशी दोन इवल्या खवल्या पाणी पिऊन फुगतात, टरफलं विलग होतात. सहा परागकोष बाहेर लोंबतात. याच क्षणी ते फुटायला हवेत. पण पारा 35 अंशांवर गेलाय. या घडीचा तासभराचा असा ताप पुरेसा असतो. परागकोष नीट उकलत नाहीत.

10 वाजून 10 मिनिटं.
पिसासारख्या दोन कुक्षींवर मोजकेच कण पडलेत. भाताचा परागकण हवेत काही मिनिटंच जगतो. एरवी तो लगेच रुजतो आणि तासाभरात त्याची नलिका बीजरंध्र गाठते. तिच्यातून दोन पुंयुग्मकं उतरतात: एक अंडपेशीशी मिळून भ्रूण घडवतं, दुसरं दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळून भ्रूणपोष. हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये लिलीकुळातल्या फुलांत दाखवलं. आपल्या ताटातला पांढरा भात म्हणजे मुख्यतः तो भ्रूणपोषच.

10 वाजून 40 मिनिटं.
कुक्षीवर पडलेले कण रुजलेच नाहीत. बीजरंध्राशी कोणी आलेलं नाही.

सकाळी 11.
खवल्या सुकतात, टरफलं मिटतात. सुकलेले परागकोष बाहेरच लोंबत राहतात. बीजांडात कसलंही वैगुण्य नव्हतं, हेच मला सर्वांत जास्त सलतं.

दहा दिवसांनी शेतकरी लोंबी चिमटीत धरून दाबतो. शेजारच्या दाण्यातून पांढरा चीक येतो. या दाण्याची टरफलं एकमेकांना चिकटतात.