नकोशांची यादी

फाल्गुनातली अमावास्या जवळ आली की हौशी खगोलमंडळींची लगबग सुरू होते. गावाबाहेरची अंधारी जागा ठरते, कोणाची दुर्बीण कोणाच्या गाडीतून न्यायची याची जुळवाजुळव होते आणि एक लांबलचक तक्ता छापून वाटला जातो. त्यात ११० ओळी असतात. सूर्यास्तापासून पहाट फुटेपर्यंत आकाशातल्या ११० धूसर वस्तू शोधायच्या आणि एकेकीपुढे वेळ लिहायची, हा तो खेळ. नाव मेसिए मॅरेथॉन. नेमकी अमावास्येचीच रात्र धरली, तर जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी सकाळी गुढी उभारावी लागते. घरच्यांचं त्यावर काय म्हणणं असतं ते वेगळं सांगायला नको.

गंमत अशी, की ज्याच्या नावाने हा खेळ चालतो त्याला या वस्तूंत मुळीच रस नव्हता. शार्ल मेसिए (१७३०–१८१७) पॅरिसमध्ये दलील नावाच्या खगोलज्ञाच्या हाताखाली काम करत होता आणि त्याला वेड होतं धूमकेतूंचं. हॅलेचा धूमकेतू १७५८च्या सुमाराला परतणार असं भाकीत होतं. दलीलने तो कुठे दिसेल याचा नकाशा करून दिला. नकाशा चुकला होता, त्यामुळे मेसिए भलत्याच भागात शोधत राहिला. तिकडे जर्मनीत ड्रेस्डेनजवळ पालिच नावाच्या शेतकऱ्याने ऐन नाताळात धूमकेतू टिपला. मेसिएला तो दिसला जानेवारी १७५९मध्ये. खगोलशास्त्रात हौशी माणसाने पगारी माणसावर केलेली ही कुरघोडी मला फार आवडते.

पण याच शोधाशोधीच्या काळात, १७५८च्या ऑगस्टअखेरीस, दुसऱ्या एका धूमकेतूचा माग काढताना त्याला वृषभेच्या शिंगापाशी एक फिकट डाग दिसला. धूमकेतू रात्रीगणिक ताऱ्यांमधून सरकतो, हा जागचा हलेना. म्हणजे धूमकेतू नव्हे. पुन्हा फसायला नको म्हणून त्याने डागाची जागा मोजून लिहून ठेवली. तोच एम १, आपण ज्याला खेकडा तेजोमेघ म्हणतो तो. असे फसवे डाग जमत गेले आणि ४५ वस्तूंची पहिली यादी १७७४ साली छापून आली. त्यात शेवटच्या काही नोंदी मृगातला तेजोमेघ, पुष्यातला पुंजका आणि कृत्तिका यांच्या आहेत. कृत्तिकांना कोण धूमकेतू समजेल? आधीच्या लाकाय या खगोलज्ञाच्या यादीत ४२ वस्तू होत्या, तिला मागे टाकायला ही भर घातली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो.

१७८१मध्ये यादी १०३वर गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मेसिए बर्फ साठवायच्या तळघरात पडला. हातपाय मोडले, बरगड्या गेल्या, वर्षभर निरीक्षण बंद. पुढची यादी त्याने काढलीच नाही. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याच्या आणि त्याचा सहकारी मेशेन याच्या टिपणांतून आणखी सात वस्तू उचलल्या आणि आकडा ११० झाला. त्यात एम ४० म्हणजे नुसते दोन तारे आणि एम ७३ म्हणजे चार. तरी तक्त्यात त्यांनाही ओळ आहे.

यादीची शर्यत झाली ती १९७०च्या दशकात, अमेरिकेत. टॉम हॉफेल्डर, टॉम रायलँड, डॉन मॅकहोल्झ अशा काही जणांना ती स्वतंत्रपणे सुचली. मॅकहोल्झ स्वतः धूमकेतूंचा शिकारी, आयुष्यात बारा धूमकेतू शोधलेला. हे डाग त्याला तोंडपाठ असणं ओघानेच आलं. याच सुमारास मोठी दुर्बीणही हौशी लोकांच्या आवाक्यात येत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात साधू असलेल्या जॉन डॉब्सनने टाकाऊ काचा घासून आरसे केले आणि प्लायवूडच्या साध्या बैठकीवर बसवले. पुढे मठाने त्याला काढून टाकलं. ती बैठक मात्र जगभर गेली. आपल्याकडच्या रात्रींतही 'डॉब' हा शब्द सर्रास ऐकू येतो.

सगळ्या ११० वस्तू एका रात्रीत पहिल्यांदा पाहिल्या त्या ॲरिझोनातल्या डुगास इथून जेरी रॅटलीने, २३–२४ मार्च १९८५च्या रात्री. तासाभरातच कॅलिफोर्नियात रिक हलनेही यादी पुरी केली. आपल्याकडे आदल्याच दिवशी पाडवा झाला होता.

मार्चच का? कारण मार्चअखेरीस सूर्य मीन राशीत असतो आणि नेमक्या त्या भागात मेसिएच्या वस्तू फारच तुरळक आहेत. सूर्याच्या झगमगाटात जवळपास काहीच झाकलं जात नाही. चंद्र मात्र नको, म्हणून अमावास्या. पाडवा एप्रिलात गेला तर माघाची अमावास्या धरायची. महाराष्ट्रात पावसाळा लागला की दुर्बिणी गुंडाळून ठेवाव्या लागतात, त्यामुळे हंगामाच्या उतरणीला हा सोहळा येतो हेही सोयीचं.

अक्षांशाप्रमाणे रडगाणं बदलतं. ॲरिझोनात पहाटेचा मकरेतला एम ३० रडवतो, कारण तो संधिप्रकाशातच उगवतो. मार्चअखेर पुण्याच्या अक्षांशावरून तो पहाट होण्याआधी बऱ्यापैकी वर आलेला असतो. आपला जीव जातो संध्याकाळी. मिनेतला एम ७४ आणि देवयानीतली दीर्घिका अंधार पडता पडता क्षितिजाला टेकू लागतात. एम ७४ची आकाशगंगा इतकी फिकट, की थेट न पाहता जरा बाजूला नजर ठेवावी तेव्हा कुठे ती आहेसं वाटतं. मग "दिसली का?" "दिसली बहुतेक." 'बहुतेक'ला खूण करायची की नाही, यावर दरवर्षी वाद. माझ्या मते करू नये.

मध्यरात्रीच्या सुमाराला कन्या आणि अरुंधतीकेशातली दाटी लागते. एम ८४ आणि एम ८६ दुर्बिणीत एकाच वेळी दिसतात. तिथून एकेका आकाशगंगेवरून पुढे सरकायचं. क्रम चुकला की सगळे डाग सारखेच, पुन्हा एम ८४पासून सुरुवात. याच वेळी दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ चढलेला असतो. पॅरिसच्या क्षितिजावर तो कधी येतच नाही, म्हणून मेसिएच्या यादीत नाही आणि तक्त्यातही त्याला जागा नाही. तरी घड्याळ चालू असताना निम्मी मंडळी दुर्बीण तिकडे वळवतात आणि खोळंबलेले चडफडत बसतात.