बीजमाता राहीबाई

भगिनींनो, वेळ अमावास्येची भज्जी आपल्याकडच्या बायकांना शिकवावी लागत नाही. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या काही भागांत सारे गाव शिवारात जेवते. हिरवी तूर, ओला हरभरा, वाटाणा, वाल, मेथी, कांद्याची पात, जे त्या आठवड्यात शेतात आले असेल ते एका पातेल्यात पडते. त्याला बेसन लागते, आणि सोबतीला आंबील, उंडे व खीर. ऋतू देईल ते शिजवावे ही आपली जुनी रीत. परंतु ज्वारी-तुरीच्या पुष्कळशा रानात सोयाबीन आल्यापासून भज्जीचा बराच जिन्नस बाजारातून आणण्याची पाळी अनेक घरांवर आली आहे.

स्वयंपाकावर लिहिणाऱ्या थोर स्त्रिया महाराष्ट्राला लाभल्या. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचे, तर कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. पण चुलीवर काय चढणार हे ज्या बियाण्यावर ठरते, त्याची काळजी वाहिलेली स्त्री म्हणजे श्रीमती राहीबाई पोपेरे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे डोंगराळ गाव आहे. तेथे महादेव कोळी समाजातील एका गरीब कुटुंबात १९६४ साली राहीबाईंचा जन्म झाला. शाळेची पायरी त्यांनी चढली नाही. पावसाळ्यात घरची शेती आणि एरवी मजुरी, हा कुटुंबाचा क्रम. आपल्याकडील ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींना तो वेगळा समजावून सांगायला नको.

योगायोग असा, की ज्या १९६४ साली राहीबाई जन्मल्या त्याच साली ज्वारीचा पहिला संकरित वाण देशात प्रसारित झाला. ‘हायब्रीड’ हा शब्द मग खेड्यातल्या आजीबाईच्याही तोंडी बसला. त्या ज्वारीला नावे ठेवणे सोपे आहे. तिच्या भाकरीला चव नाही अशी तक्रार घरोघरी होतीच. तरी टंचाईच्या दिवसांत तिने अनेकांच्या पोटाला आधार दिला, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. नुकसान झाले ते दुसरीकडे. संकरित पिकाचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर पीक पहिल्यासारखे येत नाही. बी दरसाल दुकानातून घ्यावे लागते. त्यामुळे घरात बी राखण्याचे कारणच उरले नाही, आणि ते काम ज्या बायका करीत असत त्यांचे ज्ञानही कोणी विचारीनासे झाले.

राहीबाईंचा नातू आजारी पडला, तेव्हा विषारी औषधे फवारलेल्या भाज्यांमुळे असे होत असावे, हे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी परसात जुन्या गावरान भाज्या लावल्या, गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांकडून बी मागून आणले. पुढे ‘बायफ’ या संस्थेचे साह्य मिळाले आणि घरातच बियाणे बँक उभी राहिली. भात, वाल, घेवडा, नाचणी, वरई, तेलबिया, रानभाज्या! एकट्या वालाचेच किती प्रकार! कोणाची शेंग रुंद, कोणाची बारीक. एक कोवळेपणी भाजीला, दुसरा सुकवून डाळीला. सुरुवातीच्या नोंदीत १७ पिकांचे ४३ वाण होते. नंतर ते शंभराच्या वर गेले. बी नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत द्यावे, असा त्यांचा व्यवहार. व्याज म्हणाल तर हेच. पण त्यातूनच पुढच्या वर्षी आणखी दोन घरांची सोय होते.

शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटले. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले, आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. मानसन्मानाचे एवढे पुरे.

आपल्या भागातही असे धन आहे. बोरसुरीची तूरडाळ, कास्तीची कोथिंबीर आणि पानचिंचोलीची चिंच या लातूर जिल्ह्यातील तीन जिनसांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सरकारदरबारी लागले हे उत्तम. पण कोथिंबिरीचे धणे आणि तुरीचे दाणे घराघरांत राखले तरच त्या नावाखाली पेरायला काही उरेल.

कोणा भगिनीकडे माहेरच्या वालाचे, दोडक्याचे, दुधी भोपळ्याचे बी अद्याप असेल, तर तिने ते संपू देऊ नये. वेलावरची पहिली नव्हे, मधल्या बहराची निरोगी, ठसठशीत शेंग किंवा फळ तोडायचे नाही. वेलीवरच पुरते वाळू द्यायचे. मग बी काढून सावलीत वाळवावे, चाळलेल्या कोरड्या राखेत घोळावे, थोडा कडुनिंबाचा पाला घालावा आणि मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपून टाकावे. वरून वाणाचे नाव, साल आणि बी कोणाकडून आले तिचे नाव, एवढे लिहिलेली चिठ्ठी जरूर लावावी.